व्यंग असलेली जनावरं आणि आपली करमणूक: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापशाच्या बोडगेश्वराची जत्रा जवळ आली की हे प्रश्न यायला लागतात आणि शिरगावच्या लईराईपर्यंत येतच राहतात. पर्यटनाचा मोसमही साधारण तोच. विचारणारे कोण? दारात आलेल्या गाईला पैसे देऊन मग रुखरुख लागलेली माणसं, गोठ्यात अचानक गर्दी झालेले शेतकरी, पग (चपट्या नाकाचं कुत्रं) पाळलेली मंडळी आणि एक-दोन शिक्षक. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असं लिहिलं आहे. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून मध्येमध्ये दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जनावर जन्मतःच तसं आहे, आम्ही फक्त बघतो. यात वाईट काय?

बघण्यात काही वाईट नाही. पाच पायांची गाय दारात उभी राहिली आणि तुमची नजर त्या पायाकडे गेली नाही, असं होणारच नाही. घोळ बघण्याच्या मोबदल्यात आहे. साधी गाय दारोदार फिरवून कोणी पैसे मागत नाही. मागितले तरी मिळणार नाहीत. पाचव्या पायामुळे त्या गाईची कमाई सुरू होते. एकदा कमाई सुरू झाली की तो पाय दुखो, चिघळो, त्यात किडे पडोत, काढून टाकणं मालकाला परवडत नाही. याची पुढची पायरीही फार लांब नसते. व्यंगाला भाव आहे म्हटल्यावर नसलेलं व्यंग तयार करणारेही निघतात. गाईला शिवलेला पाय (प्रश्न ५), मांडुळाच्या शेपटीवरचे डाग (प्रश्न १२) आणि नाक चेपत चेपत पैदास केलेला पग (प्रश्न १४) यांच्यामागे हाच हिशेब आहे.

अडचण पडली की मी स्वतःला एक प्रश्न विचारतो, तुम्हीही विचारून बघा: बघायला कोणीच नसतं, तरी या जनावराला आज असंच ठेवलं असतं का? उत्तर 'हो' असेल तर निर्धास्तपणे बघा. 'नाही' असेल तर त्याचा त्रास तुमच्या पैशावर चालू आहे.

२. पण जनावराला अपमान थोडाच कळतो? आपण उगाच माणसाच्या भावना त्याच्यावर लादतो.

या आक्षेपात तथ्य आहे. दोन तोंडांच्या वासराला आपल्याला कोणी हसतंय हे कळत असेल, असं मला वाटत नाही. म्हणून मी अपमानाच्या मुद्द्यावर भर देत नाही. त्याला कळते ती भीती, तहान, डांबरी रस्त्याचा चटका, ढोल आणि फटाक्यांचा आवाज, अनोळखी हातांचे स्पर्श आणि वेदना. एवढं पुरेसं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या जल्लिकट्टू निकालात प्राण्यांच्या प्रतिष्ठेचाही विचार केला होता. पुढे २०२३ मध्ये घटनापीठाने असे बैलांचे खेळ आणि शर्यती चालू ठेवणाऱ्या तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या राज्यांच्या कायदादुरुस्त्या वैध ठरवल्या. प्रतिष्ठेचा वाद न्यायालयात आणखी चालेल. पाय सुजला आहे की नाही हे बघायला त्या निकालाची वाट बघावी लागत नाही.

३. जनावराला त्रास होतोय हे आमच्यासारख्याला कसं ओळखता येणार?

गुरांच्या बाबतीत पहिली खूण रवंथाची. निवांत गाय उभ्याने किंवा बसून रवंथ करते. दुखत असलेली किंवा घाबरलेली गाय ते थांबवते. दुसरी खूण पायांची. ती सतत एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत असेल, पाठ कमानीसारखी वर उचलून उभी असेल, तर दुखणं आहे. वेसण वारंवार ओढली जात असेल तर नाकपुडीच्या आतली कातडी लाल दिसते. पाठीवर झूल असेल तर माश्या कुठे घोंघावताहेत ते बघा. बहुतेक वेळा जखम त्याच झुलीखाली असते. कुत्र्या-मांजरांत तोंड उघडं ठेवून घेतलेला श्वास, मान लांब करून बसणं आणि झोपेत दचकून उठणं या खुणा आहेत. जनावर शांत उभं आहे म्हणजे सुखात आहे असं मात्र धरू नका. थकलेलं जनावरही शांतच उभं असतं.

४. अशी जनावरं जन्माला का येतात? ग्रहणात गाय बाहेर बांधली होती म्हणून, की कुणाचा शाप?

ग्रहणाचा संबंध नाही, शापाचाही नाही. दोन तोंडं किंवा दोन डोकी म्हणजे गर्भाच्या अगदी सुरुवातीला शरीराची रचना ठरताना विभागणी अर्धवट झालेली असते. जादा पाय कधी याच कारणाने येतो, तर कधी दोष आनुवंशिक असतो. अँगस जातीच्या गुरांत जादा पाय आणणारा असा एक आनुवंशिक दोष २०१३ मध्ये निश्चित झाला आणि त्यानंतर पैदाशीचे वळू तपासून घेतले जाऊ लागले. गाभण जनावराला होणारा संसर्ग हेही कारण असतं. डासांसारख्या कीटकांतून पसरणाऱ्या अकाबाने विषाणूमुळे वासरं आखडलेल्या सांध्यांनी जन्मतात. कधी दोष चाऱ्याचा असतो. अमेरिकेतल्या आयडाहो भागात मेंढ्यांना एकच डोळा असलेली कोकरं होत होती. शोध घेतल्यावर कळलं की गाभणपणाच्या चौदाव्या दिवसाच्या आसपास मेंढीने एक रानटी वनस्पती खाल्ली की असं होतं.

आपल्याकडे गावातला एकच वळू पिढ्यान्‌पिढ्या वापरला जातो आणि तो स्वतःच्याच मुलींना भरवला जातो. शापाचं कारण शोधण्याआधी हे तपासा.

५. पाच पायांच्या गाईचा तो पाय खरा असतो की शिवलेला?

दोन्ही प्रकार असतात, आणि नुसत्या नजरेने ठरवू नका. वशिंडातून किंवा खांद्यावरून लोंबणारा पाय पाहिला की लोक लगेच 'शिवलाय' म्हणतात. पण पाठीतून पाय फुटणं हे गुरांत खरोखर आढळणारं जन्मजात व्यंग आहे. उलट, मेलेल्या वासराचा पाय लहान वयातच कातडीत बसवल्याचे आरोपही अनेक ठिकाणी झाले आहेत. पायाच्या बुडाशी गोलाकार व्रण आहे का, तिथल्या केसांची दिशा अचानक बदलते का, यावरून शंका घेता येते. खात्री पशुवैद्यच करू शकतो. तो हाताने चाचपून किंवा क्ष-किरण काढून आत हाड जोडलेलं आहे का ते बघतो.

माझ्या मते मात्र दारात उभ्या असलेल्या गाईच्या बाबतीत या प्रश्नाला आपण गरजेपेक्षा जास्त महत्त्व देतो. पाय शिवलेला असेल तर तो सरळ गुन्हा आहे (प्रश्न ९). खरा असेल तर तो काढता येतो. अशी शस्त्रक्रिया पशुवैद्यकीय महाविद्यालयांत होते, गाय बरी होते आणि दूधही देते. म्हणजे खरा पाय लोंबत ठेवणं हाही मालकाने घेतलेला निर्णयच असतो.

६. आम्ही श्रद्धेने देतो. गाय देवाची, तिच्या पायावर डोकं ठेवतो. याला तुम्ही क्रूरता म्हणता?

तुमच्या नमस्काराला नाही. आजी अंगणात येऊन गाईला हळदकुंकू लावते, पोळीचा घास देते, यात गाईचं काही बिघडत नाही. पण श्रद्धा पाचव्या पायावर आहे की गाईवर, हे एकदा तपासावं. गाईवर असेल तर त्या पैशातून उपचार व्हावेत असं तुम्हाला वाटेल. पुढच्या वेळी पैसे देण्याऐवजी पेंड द्या, बादलीभर पाणी ठेवा आणि 'पाय डॉक्टरला दाखवला का' असं विचारा. या प्रश्नावर समोरच्याचा चेहरा काय सांगतो ते बघा.

कायद्याच्या बाजूने सांगायचं तर, प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातली धर्माची सवलत (कलम २८) फक्त धर्माला आवश्यक असलेल्या पद्धतीने जनावर मारण्यापुरती आहे. जनावर मिरवण्याला ती लागू होत नाही.

७. पैसे दिले नाहीत तर तो माणूस आणि गाय दोघंही उपाशी राहतील. गरिबाच्या पोटावर पाय देणं हे कुठलं नीतिशास्त्र?

या यादीतला मला सगळ्यात अवघड वाटणारा प्रश्न हाच. तुळशीच्या लग्नानंतर घाटावरून उतरणारे नंदीबैलवाले काही श्रीमंत नाहीत. भटक्या जमातींना आपण आधी जमीन दिली नाही, मग शाळा दिली नाही, आणि आता त्यांच्या हातातल्या दोरीवर बोट ठेवतो आहोत, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. हेही ध्यानात घ्या की गुबूगुबू वाजवत मान हलवणारा धडधाकट नंदीबैल आणि जखमी पाय लोंबणारी गाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला मी विरोध करत नाही. बैल नीट पोसलेला असेल तर करायचं कारणही दिसत नाही.

दुसऱ्या बाबतीत अस्वलवाल्या कलंदरांचं उदाहरण आहे. अस्वल नाचवण्यावर बंदी आली, तेव्हा नुसतं अस्वल काढून घेतलं असतं तर त्या माणसाने दुसरं पिल्लू विकत घेतलं असतं. म्हणून अस्वलाच्या बदल्यात धंद्यासाठी भांडवल आणि मुलांचं शिक्षण असा सौदा झाला. २००९ मध्ये रस्त्यावरचं शेवटचं नाचवलं जाणारं अस्वल पुनर्वसन केंद्रात गेलं. असं काही पाच पायांच्या गाईवाल्यांसाठी कोणी उभं केलेलं मला दिसलेलं नाही. तोपर्यंत निदान एवढं तरी करता येईल: माणसाला द्यायचं असेल तर माणूस म्हणून द्या. गाय न आणता आला असता तरी दिले असते तेवढेच द्या.

८. आमच्या गोठ्यात दोन तोंडांचं वासरू जन्मलं आणि अर्धा तालुका लोटलाय. काय करू?

डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतून हा प्रश्न येतो, आणि बहुतेक वेळा उशिरा येतो.

पहिले काही तास सगळ्यात महत्त्वाचे असतात. अशा वासराला आचळ धरता येत नाही, दूध चुकीच्या नळीत जाऊन फुप्फुसात उतरतं आणि ते दगावतं. म्हणून घाईघाईत बाटली तोंडात कोंबू नका. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. गरज पडली तर डॉक्टर नळीने चीक पाजतात. दार बंद करा. फुलं, नाणी, अगरबत्ती आत येऊ देऊ नका. गाय नुकतीच व्यालेली आहे, गर्दीने ती बिथरते, वासराला तुडवते किंवा पान्हा चोरते.

खरं सांगायचं तर डोकं किंवा तोंड दुहेरी असलेली बहुतेक वासरं थोड्या दिवसांत जातात. ते खाऊ शकत नसेल, श्वासाला धडपडत असेल, तर डॉक्टर दयामरणाचा सल्ला देतील आणि तो ऐकणं म्हणजे पाप नव्हे. कधीकधी अपवादही घडतो. अमेरिकेत १९९९ साली जन्मलेलं दोन चेहऱ्यांचं एक मांजर मारायला आणलं होतं. दवाखान्यात काम करणाऱ्या बाईने ते घरी नेलं आणि ते पंधरा वर्षं जगलं. मालकिणीने त्याला सुरुवातीला नळीने भरवलं होतं. अशी शुश्रूषा शक्य आहे का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

वासरू मेलेलं जन्मलं असेल तर उघड्या हातांनी उचलू नका. विकृत किंवा अकाली गर्भामागे ब्रुसेलोसिससारखा संसर्ग असू शकतो आणि तो माणसाला होतो. हातमोजे घाला, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, आणि शक्य असेल तर त्याआधी डॉक्टरांना नमुना घेऊ द्या. तुमच्या बाकीच्या गाईंच्या दृष्टीने त्या नमुन्याची किंमत बातमीपेक्षा जास्त आहे.

बातमीदार आला तर? फोटो एकदा काढू द्या, तोही गोठ्याबाहेरून. तिकीट लावायचा सल्ला देणारा शेजारी प्रत्येक गावात असतोच. त्याला प्रश्न ९ वाचायला द्या.

९. कायदा नेमका काय म्हणतो?

मुख्य कायदा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. त्याच्या कलम ११(१) मधली तीन पोटकलमं इथे कामाची आहेत. (ख): वय, आजार, जखम किंवा अपंगत्वामुळे अयोग्य असलेल्या जनावराला कोणत्याही कामासाठी 'किंवा कारणासाठी' वापरणं. (ट): अंगभंग किंवा हालअपेष्टांमुळे वेदनेत असलेलं जनावर विकायला काढणं किंवा वाजवी कारणाविना बाळगणं. (ठ): जनावराचा अंगभंग करणं. इंग्रजी प्रतीत हीच पोटकलमं बी, के आणि एल अशी आहेत. यांतल्या तिसऱ्या पोटकलमाखाली पोलीस वॉरंटशिवाय कारवाई करू शकतात. पहिल्या दोहोंत तसं नाही, म्हणून ठाण्यावर 'आमच्या हातात नाही' असं ऐकायला मिळतं.

शिक्षा ऐकून तुम्ही हसाल. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. १९६० साली पन्नास रुपयांना वजन होतं. त्यामुळे अंगभंगाच्या प्रकरणात तक्रारीत भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आवर्जून घालावं. जनावर मारणं, त्याचा अंगभंग करणं किंवा त्याला निकामी करणं, यासाठी त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. हे कलम १ जुलै २०२४ पासून लागू आहे.

खेळांसाठी वेगळे नियम आहेत. तिकीट लावून जनावर दाखवायचं तर नोंदणी लागते. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ १९९८ च्या अधिसूचनेने बंद झाले आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशवाल्यांचं अपील फेटाळलं. १८८० साली विष्णुपंत छत्र्यांनी मराठी मुलखातून देशी सर्कस उभी केली, त्या परंपरेतला जनावरांचा भाग तिथे बहुतांशी संपला.

१०. तिकीट नाहीच, लोक स्वखुशीने पैसे टाकतात. मग कायदा कुठे लागू होतो?

ही पळवाट खरी आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम २१ मध्ये 'प्रदर्शन' म्हणजे तिकीट विकून प्रवेश दिलेली करमणूक, अशी व्याख्या आहे. दारोदार फिरणारी गाय किंवा चादर पसरून बसलेला माणूस त्यात बसत नाही, त्यामुळे नोंदणीचा मुद्दा टिकत नाही. पण कलम ११ ला तिकिटाशी काही देणंघेणं नाही. अयोग्य जनावर 'कोणत्याही कारणासाठी' वापरलं की ते लागू होतं. तक्रार त्याच कलमाने करा. जत्रेतल्या तंबूला तिकीट असेल तर तिकीट जपून ठेवा, तो पुरावा आहे.

११. तक्रार कुठे करायची? आणि जत्रा दोन दिवसांत संपली तर?

तातडीचं असेल तर ११२. लेखी तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात, प्रत पशुसंवर्धन व पशुवैद्यकीय सेवा खात्याला. प्राणी रानटी असेल तर वन खात्याला. जागा, तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक आणि जखमेचा जवळून घेतलेला फोटो एवढं द्या. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो (कलम ३६), त्यामुळे 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणू नका. जप्त झालेल्या जनावराच्या देखभालीचा खर्च मालकाकडून वसूल करण्याचे नियम २०१७ पासून आहेत. 'जप्त करून ठेवायचं कुठे' या उत्तरावर ते दाखवा.

पण मला विचाराल तर पोलिसांपेक्षा आधी देवस्थान गाठा. जत्रेतली जागा देवस्थान समिती, पंचायत किंवा पालिका देते. जत्रेच्या महिनाभर आधी चार-पाच महाजनांनी (देवस्थानच्या सभासदांनी) किंवा गावकऱ्यांनी सही करून 'व्यंग असलेली जनावरं दाखवणाऱ्याला जागा देऊ नये' असा अर्ज दिला तर तंबू उभाच राहत नाही. पणजीच्या सरकारी कचेऱ्यांत हेलपाटे मारण्यापेक्षा हे सोपं आहे. फेस्तच्या फेरीसाठीही हाच मार्ग, फक्त अर्ज चर्चच्या समितीकडे आणि पंचायतीकडे.

१२. दोन तोंडांचा साप विकत मिळतोय म्हणे. लाखांत किंमत आहे. खरंच असतो का?

ते मांडूळ. त्याला तोंड एकच असतं. शेपूट बोथट असल्यामुळे ती डोक्यासारखी दिसते आणि शत्रूची फसगत होते. बिनविषारी, मातीत दडून राहणारा, उंदीर खाणारा साधा साप. काही गारुडी शेपटीवर डाग देऊन डोळ्यांसारख्या खुणा करतात, म्हणजे चांगल्या जनावराला जखम करून व्यंगाचं सोंग दिलं जातं. गुप्तधन, औषध, सगळं थोतांड आहे. बाळगणं आणि विकणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे, आणि विकत घेणाराही सुटत नाही. लाखाचा सौदा करणारे बहुतेक वेळा दोन्हीकडून फसतात.

खरोखर दोन डोकी असलेले साप क्वचित जन्मतात. रानात ते फार जगत नाहीत, कारण दोन्ही डोकी एकाच भक्ष्यावर भांडतात. दिसला तर वन खात्याला कळवा.

१३. मोरजीच्या किनाऱ्यावर कासवाचं वाकड्या कवचाचं पिल्लू दिसलं. पर्यटक हातात घेऊन फोटो काढत होते.

ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे घरट्यांवर वन खात्याची माणसं असतात, त्यांना हाक मारा. हातात घेऊ नका, पाण्यात सोडायची घाईही करू नका. फ्लॅश मारू नका.

१४. आमच्याकडे पग आहे. त्याला आम्ही जिवापाड जपतो. त्याला या यादीत का घातलं?

तुमच्या पगला घातलेलं नाही. पगची पैदास करणाऱ्या बाजाराला घातलं आहे.

चपटा चेहरा आणि मोठे डोळे बघून आपल्याला लहान मूल आठवतं, म्हणून ते विकलं जातं. पण कवटी आखूड केली तरी आतलं मांस तेवढंच राहतं. टाळूचा मऊ भाग श्वासनलिकेवर लोंबतो, नाकपुड्या फटीएवढ्या होतात, डोळे खोबणीतून बाहेर येतात. झोपेत तो घोरतो ते आपण मोबाइलवर टिपून पाठवतो, आणि त्या घोरण्यात तो प्रत्यक्षात हवेसाठी झगडत असतो. कुत्रा अंग थंड करतो ते धापा टाकून. गोव्याच्या एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात ज्याला धाप नीट टाकता येत नाही त्याची काय अवस्था होते, हे पणजीतल्या कुठल्याही पशुवैद्याला विचारा. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२२ मध्ये निष्कर्ष काढला की आरोग्याच्या दृष्टीने पगला आता 'सर्वसाधारण कुत्रा' म्हणता येत नाही. आपल्याकडे त्याची क्रेझ २००३ च्या सुमारास मोबाइलच्या जाहिरातीने आली. नेदरलँड्सने अशा अतिचपट्या कुत्र्यांच्या पैदाशीवर निर्बंध घातले आहेत. स्कॉटिश फोल्ड मांजराचं तेच. त्याचे दुमडलेले गोंडस कान ज्या जनुकामुळे होतात, तेच जनुक सांध्यांतली कूर्चाही बिघडवतं.

तर मग काय करायचं? असलेला पग सुखात ठेवा: वजन वाढू देऊ नका, गळपट्ट्याऐवजी हार्नेस वापरा, पहाटे फिरवा, नाकपुडी रुंद करायच्या शस्त्रक्रियेबद्दल डॉक्टरांना विचारा. त्याची पिल्लं काढू नका. पुढचं कुत्रं विकत घेऊ नका. गोव्याच्या रस्त्यावरचं, लांब नाकाचं आणि न घोरणारं गावठी कुत्रं कुठल्याही निवाराघरात तुमची वाट बघतंय.

१५. फिशटँकमधल्या माशांनाही हेच लागू होतं का?

होय. ब्लड पॅरटचं तोंड नीट मिटत नाही, बबल आय गोल्डफिशच्या डोळ्यांखालच्या पिशव्या खडकाला घासून फुटतात. वेगळं काही सांगण्यासारखं नाही, प्रश्न १४ मधलं उत्तर जसंच्या तसं लागू.

१६. पांढरा वाघ? तो तर निसर्गानेच दिलेला आहे.

मूळ पांढरा बछडा निसर्गाने दिला, बाकीचे माणसाने. १९५१ मध्ये रीवाच्या महाराजांनी पकडलेला 'मोहन' पांढरा होता. पांढरी पिल्लं हवीत म्हणून त्याला त्याच्याच मुलीशी, राधेशी जुळवलं आणि १९५८ मध्ये चार पांढरे बछडे जन्मले. जगभरातल्या पिंजऱ्यांतले जवळजवळ सगळे पांढरे वाघ त्याच घराण्यातले. तिरळे डोळे तर त्या रंगाबरोबरच येतात, आणि जवळच्या नात्यातल्या पैदाशीने बाकीची व्यंगंही वाढली. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ मध्ये अशी पैदास बंद करायला सांगितलं. संवर्धनाला त्यांचा उपयोग नाही, ते गर्दी खेचण्यासाठी आहेत. बोंडलाला सहलीला गेलात तर साधा, पट्टेरी, ठिपक्यांचा जो प्राणी दिसेल तो मुलांना दाखवा. आणि दगड मारणाऱ्याला टोका, प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला त्रास देणं हा वन्यजीव कायद्याच्या कलम ३८-जे (इंग्रजी प्रतीत 38J) खाली गुन्हा आहे.

१७. आमच्या तीन पायांच्या कुत्रीचं इन्स्टाग्राम खातं आहे. तेही शोषणच का?

आपोआप नाही. प्रश्न १ मधली कसोटी लावा. तिला भाड्याच्या स्कूटरने उडवलं, तुम्ही उपचार केले, ती किनाऱ्यावर धावते आणि तुम्ही ते टिपता. कॅमेरा नसता तरी ती धावलीच असती. अशा खात्यांमुळे अपंग कुत्र्यांना घरं मिळतात, हे मी पाहिलं आहे. बिनसतं कधी, तर रील चालावं म्हणून तिला जिने चढायला लावलं, टोपी-फ्रॉक घालून उन्हात बसवलं, पडली तेव्हा उचलण्याआधी टिपून घेतलं की. जाहिरातींचे पैसे येऊ लागले की हे नकळत व्हायला लागतं.

शॅकवाल्यांनाही (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा खाणावळी चालवणाऱ्यांनाही) हेच लागू. लंगड्या कुत्र्याला खायला घालणारे शॅक मला आवडतात. त्याच्या नावाने टेबलावर दानपेटी ठेवत असाल तर शेजारी दवाखान्याची बिलंही ठेवा.

१८. वाचवण्याचे व्हिडिओ तरी शेअर करू ना?

बघून करा. मदतीला जाण्याआधी कॅमेरा स्थिर लावलेला असेल, एकाच खात्यावर तसंच पिल्लू तशाच खड्ड्यात पुन्हापुन्हा सापडत असेल, उपचार कुठे झाले याचा पत्ता नसेल, तर ते पिल्लू तिथे कोणीतरी ठेवलेलं असण्याची शक्यता दाट आहे. संतापून शेअर केलं तरी बघणारे वाढतातच. लिंक पुढे पाठवू नका, त्या मंचावर तक्रार नोंदवा.

१९. धिरयो (बैलांची झुंज) चालते तर मग हे का नको?

धिरयोही चालत नाही. १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तिच्यावर बंदी घातली. सासष्टीच्या शेतांत चोरून होते आणि विधानसभेत अधूनमधून ती कायदेशीर करायची मागणी उठते. पण महाराष्ट्राने बैलगाडा शर्यतीसाठी केली तशी कायदादुरुस्ती गोव्याने केलेली नाही. झुंजीत शिंग तुटलेला बैल नंतर कुणी मिरवला तर प्रश्न ९ मधलं पहिलं पोटकलम त्यालाही लागतं.

२०. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीत दोन डोक्यांचं वासरू आहे. ते ठेवावं का?

ठेवा. ते मेलेलं आहे, त्याला काही होत नाही, आणि प्रश्न ४ शिकवायला त्याहून चांगलं साधन मिळणार नाही. फक्त स्नेहसंमेलनात दहा रुपये घेऊन दाखवू नका, आणि नवीन नमुना पाहिजे म्हणून गावात बक्षीस जाहीर करू नका. बरणीतलं फॉर्मेलिन आटलं असेल तर झाकण मुलांकडून उघडून घेऊ नका, त्याची वाफ डोळ्यांना आणि छातीला बाधते. रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी खिडक्या उघडून, हातमोजे घालून ते बदलावं. बरणीवर चिठ्ठी नसेल तर एक लावा: कुठल्या गावचं, कुठल्या साली, आणि माहीत असेल तर गाय कुठल्या वळूला भरवली होती.